पायाची नाडी आणि हातातली विडी



जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. म्हण जुनी, सर्वांच्या तोंडी बसलेली. आणि जुन्या म्हणीला उलट बोलण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. आज मात्र मला या म्हणीशी थोडे भांडायचे आहे. कारण एक आजार असा आहे की, त्यात या म्हणीवर विश्वास ठेवणारा माणूस पाय गमावून बसतो, आणि तिला न जुमानणाऱ्याचा पाय बहुधा वाचतो.

हा आजार म्हणजे पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडण्याचा. मी डॉक्टर नाही. महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवणारा साधा अध्यापक आहे. तेव्हा औषधे आणि शस्त्रक्रिया हा प्रांत डॉक्टरांचा. मी बोलणार आहे ते सवयीविषयी. पण सवय कोणाच्या जिवावर उठली आहे हे कळल्याशिवाय तिच्याविषयी बोलण्यात अर्थ नाही, म्हणून आधी आजाराची थोडी ओळख करून घेऊ.

हृदयाकडून ताजे रक्त घेऊन निघते ती रोहिणी, आणि वापरलेले रक्त परत आणते ती नीला. रोहिणी म्हणजे शेताला पाणी देणारा पाट समजा. पाटात गाळ साचू लागला की कोणते वाफे आधी सुकतात? टोकाचे. आपल्या शरीरात पायाची बोटे म्हणजे असे टोकाचे वाफे आहेत. सुरुवातीला काय होते, तर माणूस फर्लांगभर चालला की त्याच्या पोटरीत गोळा येतो. तो थांबतो, दोन-चार मिनिटांत बरे वाटते, पुन्हा चालू लागतो, आणि पुन्हा तितक्याच अंतरावर गोळा येतो. तो म्हणतो, "वात आहे," घरची माणसे म्हणतात, "वय झालं," आणि तेल चोळणे सुरू होते. पुढे बोटे गार पडतात, त्यांच्यावरची लव झडते. मग रात्रीचे दुखणे सुरू होते. पाय सरळ ठेवून झोपवत नाही. माणूस खाटेवरून पाय खाली सोडून रात्रभर बसून राहतो, कारण पाय खाली लोंबकळला की थोडे रक्त तरी उतरते. अशा पायाला एखादा काटा लागला, चपलेने कातडे सोलले, तर ती जखम महिना महिना भरत नाही. आणि एक दिवस बोट काळे पडते.

हा आजार दोन तऱ्हांनी येतो. एक उतारवयातला. त्यात तंबाखूच्या जोडीला मधुमेह, वाढलेला रक्तदाब, रक्तातील चरबी हेही भागीदार असतात. दुसरा प्रकार अधिक क्रूर आहे, कारण तो ऐन कमावत्या वयात, पंचेचाळिशीच्या आतच गाठतो. व्हिएन्नाच्या फॉन विनिवार्टर या डॉक्टरने १८७९ साली असा एक रुग्ण नोंदवला होता. पण या रोगाचे सविस्तर वर्णन १९०८ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील लिओ बर्जर यांनी केले. कापून टाकावे लागलेले पाय तपासून त्यांनी आतल्या वाहिन्यांत काय घडले ते दाखवले. म्हणून या रोगाला बर्जरचा रोग म्हणतात. हा रोग होणारा माणूस जवळजवळ नेहमीच तंबाखूचा भोक्ता असतो. पश्चिमेकडच्या देशांत तो आता कमी दिसतो; आपल्या देशात, पश्चिम आशियात आणि अतिपूर्वेकडे अजून अधिक दिसतो. शेतावर राबणारा, ओझी उचलणारा, गाडी चालवणारा गडी, घरात लहान मुले, आणि पाय मात्र काळा पडू लागलेला, असे हे चित्र असते.

आता मुख्य गोष्ट ऐका. अमेरिकेतील क्लीव्हलंड येथील डॉक्टरांनी बर्जरच्या रोग्यांवर अनेक वर्षे नजर ठेवून त्याची हकीकत १९९० साली प्रसिद्ध केली. ज्यांनी धूम्रपान पार सोडले, त्यांच्यापैकी शंभरात सुमारे पाच जणांवर पुढे पाय किंवा बोट कापून घेण्याची पाळी आली. ज्यांनी चालू ठेवले, त्यांच्यापैकी शंभरात चाळीसहून अधिक जणांवर. रोग तोच, रुग्णालय तेच, डॉक्टरही तेच. फरक पडला तो ओढण्या-न ओढण्याने. या रोगावर तंबाखू सोडण्याइतका खात्रीचा दुसरा उपाय आजही नाही.

उतारवयातल्या प्रकारातही तसेच आहे. तिथे बंद पडलेल्या रोहिणीला वळसा घालून, रोग्याच्याच पायातली नीला वापरून, रक्ताला दुसरी वाट करून देतात. पाटाला गाळ लागला म्हणून बाजूने नवा चर खणावा, तसे हे काम आहे. २००५ साली नेदरलंड्समधील शल्यवैद्यांनी अशा शस्त्रक्रियांचे पुष्कळ अभ्यास एकत्र करून पाहिले. शस्त्रक्रियेनंतरही धूम्रपान करीत राहणाऱ्यांची ही नवी वाट बंद पडण्याचा धोका सुमारे तिप्पट निघाला. आणि ज्यांनी सोडले त्यांची वाट कधीही न ओढणाऱ्यांच्या बरोबरीने चालू राहिली. इतके कष्ट, इतका पैसा, डॉक्टरांचे इतके कौशल्य. आणि शेवटी सगळे येऊन थांबते ते खिशातल्या बंडलापाशी.

कोणी म्हणेल, सिगारेटचे ठीक आहे, पण विडी ती केवढीशी! हा समज फार पसरलेला आहे. विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असते हे खरे. पण तिला कागद नसतो, तेंदूचे पान असते, आणि ते पान सहज जळत नाही. ओढणे थांबले की विडी विझते. म्हणून विडी ओढणारा अधिक वेळा आणि अधिक जोराने झुरके घेतो, आणि विषारी वायू छातीत कमी जात नाही, उलट जास्तच जातो. विडी लहान म्हणून अपाय लहान, हा हिशेब चुकीचा आहे.

हा धूर करतो काय? त्यातील निकोटीन वाहिन्यांना आवळते आणि हृदयाला धावायला लावते. कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. रक्ताला त्याची ओढ प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त असते. शिवाय रक्तातील गोठण्याचे कण चिकट बनतात आणि वाहिनीचे आतले मऊ अस्तर खराब होते. म्हणजे पाट अरुंद, पाणी निकस, आणि वर गाळही अधिक!

हा आजार गरीब-श्रीमंत पाहत नाही. आपल्या आजोबांच्या हातातील रुपयाच्या नाण्यावर ज्याचा मुखवटा होता, त्या इंग्लंडच्या सहाव्या जॉर्ज राजाची गोष्ट घ्या. राजा भरपूर सिगारेट ओढणारा. १९४८ साली त्याच्या उजव्या पायाचे रक्त इतके मंदावले की पाय कापावा लागतो की काय, अशी भीती पडली. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा ठरलेला दौरा लांबणीवर टाकावा लागला. मार्च १९४९ मध्ये लर्मंथ नावाच्या स्कॉटिश शल्यवैद्याने राजवाड्यातच शस्त्रक्रिया केली. पायाच्या वाहिन्यांना आवळून धरणाऱ्या, कमरेजवळच्या मज्जातंतूंचा भाग कापून टाकला. पाय वाचला. पण सप्टेंबर १९५१ मध्ये कर्करोगामुळे राजाचे डावे फुप्फुस काढावे लागले, आणि ६ फेब्रुवारी १९५२ च्या पहाटे, वयाच्या ५६ व्या वर्षी, हृदयाची रोहिणी बंद पडून तो झोपेतच गेला. पाय, फुप्फुस आणि हृदय यांची दुखणी तीन, पण तिन्हींच्या मागे धूर होता. जगातले उत्तम वैद्य दाराशी उभे असले, तरी ते एवढेच करू शकतात.

इथवर डॉक्टरांच्या प्रांतातून आलो. आता माझ्या विषयाकडे वळतो. एवढे सगळे कळल्यावरही माणूस विडी का ओढतो?

आपण झटकन म्हणतो, त्याला मनोनिग्रह नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, म्हणून हसतोही. पण एक गोष्ट बघा. हाच माणूस रुग्णालयात पंधरा दिवस खाटेवर असतो, तेव्हा त्याला विडी मिळत नाही. आणि बहुतेकदा तो ते सहन करतो. घरी आल्यावर मात्र काही दिवसांतच पुन्हा सुरुवात होते. पंधरा दिवस असलेला निग्रह गावच्या फाट्यावर एस.टी.तून उतरताच कुठे गेला?

रशियातील पाव्हलॉव या शास्त्रज्ञाचे प्रयोग शिक्षकमंडळींनी अध्यापनाच्या अभ्यासक्रमात वाचलेले असतीलच. अन्न देण्याआधी कुत्र्याला ठरावीक खूण ऐकवायची. काही दिवसांनी नुसती खूण ऐकली, तरी त्याच्या तोंडाला पाणी सुटते. विडीचेही असेच आहे. पहाटेचा चहा ही एक खूण. जेवण झाले ही दुसरी. मोटार चालू करून बांधावर बसणे ही तिसरी. पारावर चौघे जमले ही चौथी. वीस वर्षे या खुणांबरोबर विडी आली. आता खूण आली की विडीची हाक आपोआप येते. रुग्णालयात पार नव्हता, बांध नव्हता, सोबती नव्हते, म्हणून हाकही कमी येत होती. गावात पाय ठेवताच सगळ्या खुणा एकदम समोर उभ्या राहतात. यात त्या माणसाचा स्वभाव वाईट आहे असे नाही. सवय डोक्यात जितकी असते, तितकीच ती जागेत आणि वेळेत असते.

दुसरी अडचण शरीराची. झुरका घेतल्यावर निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचते आणि बरे वाटते. दोनेक तासांत ते निम्म्यावर येते, मग चिडचिड सुरू होते, कामात लक्ष लागत नाही. पुन्हा विडी ओढली की ती चिडचिड थांबते, आणि माणूस म्हणतो, "विडीनं डोकं शांत होतं." खरे म्हणजे ही अशांतता आधीच्या विडीनेच आणलेली असते. सावकाराने कर्ज द्यावे आणि त्याचे व्याज फेडायला पुन्हा त्यानेच कर्ज द्यावे, तसला हा व्यवहार. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत अवघड जातात. मग दोन ते चार आठवड्यांत त्रास ओसरत जातो. आणि प्रत्येक वेळची तल्लफ काही मिनिटांचीच असते. तेवढ्या वेळात हात दुसऱ्या कामात गुंतला, घोटभर पाणी प्यायले, चार शेंगदाणे तोंडात टाकले, तर ती लाट निघून जाते.

तिसरी अडचण आपल्या चांगुलपणाची आहे, आणि मला सर्वांत जास्त तिच्याविषयीच बोलायचे आहे. गावाकडे विडी देणे हा आदराचा भाग समजतात. आल्यागेल्याला "बसा" म्हणायचे आणि विडी पुढे करायची. रुग्णालयातून माणूस परत आला की भेटायला चार जण येतात. "काय आबा, बरं हाय न्हवं आता?" म्हणून चौकशी करतात, आणि खिशातून बंडल काढतात. आबा नको म्हणतात. मग कोणी म्हणतो, "एकच घ्या की, एकीनं काय हुतंय?" त्याच्या मनात वाईट काही नसते. पण बर्जरच्या रोग्याला दिवसाला एक-दोन विड्याही रोग जागा ठेवायला पुरतात. बांधाला उंदराने केलेले एक भोक सगळे पाणी वाहून न्यायला पुरे होते, तशीच ही एक विडी. मित्राच्या पायावर कुऱ्हाड घालायला आपल्यापैकी कोणी तयार होणार नाही. मग त्याच्यापुढे विडी करतानाही हात आखडायला हवा.

कित्येक जण विडी सोडतात आणि तंबाखू मळून दाढेखाली धरतात, किंवा मिश्री लावतात. धूर गेला, आता काय भीती, असे त्यांना वाटते. पण निकोटीन तिथेही आहे, आणि बर्जरच्या रोगात चघळण्याची तंबाखूही घातक ठरू शकते. महाराष्ट्राला हे सांगणे फार जरूर आहे. २०१६-१७ साली देशभर झालेल्या तंबाखूच्या पाहणीत आपल्या राज्यातील शंभर प्रौढांत ओढणारे चारसुद्धा भरले नाहीत, आणि खाणारे, लावणारे मात्र चोवीसच्या वर निघाले. तेव्हा रुग्णाने एका खिशातले बंडल काढून दुसऱ्या खिशात पुडी ठेवली, तर ती सोडचिठ्ठी नव्हे.

आता एक नाजूक गोष्ट. पुष्कळ रुग्ण डॉक्टरांपुढे खरे बोलत नाहीत. "सोडली साहेब," म्हणतात. काही रुग्णालयांत श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजण्याचे यंत्र असते. त्यात खरे काय ते उघड होते. मग रुग्ण शरमतो आणि पुढच्या वेळी दवाखान्यात येतच नाही. हे खोटे कशातून येते? बोलणी खाण्याच्या भीतीतून. घरी बायको रडते, मुलगा ओरडतो, डॉक्टर दटावतात. मग माणूस गोठ्याआड जाऊन ओढतो. शिक्षकबंधू हे चांगले जाणतात. ज्या वर्गात चूक कबूल केली की छडी बसते, तिथे चुका थांबत नाहीत. फक्त वह्या लपवल्या जातात. म्हणून घरच्यांना सांगणे एवढेच की, त्याने पुन्हा ओढली तर उद्यापासून पुन्हा सोडायची, असे शांतपणे म्हणा. एकदा घसरलेला माणूस दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या प्रयत्नात सोडतो, असेच बहुतेक सोडणाऱ्यांचे असते.

मग करावे काय? रुग्णाने एक दिवस ठरवावा आणि त्या दिवसापासून पूर्ण बंद करावी. घरातली बंडले, काडेपेटी, चुन्याची डबी, सगळे बाहेर जाऊ द्यावे. खुणा बदलाव्यात. चहाची जागा बदलावी, जेवणानंतर लगेच उठून हात कामात घालावेत, महिनाभर पाराऐवजी देवळाच्या ओट्यावर बसावे. तल्लफ फारच अनावर असेल तर त्यावर औषधे आहेत. मात्र निकोटीनच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत, कारण या आजारात त्या चालतील की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचे. विडीच्या आणि सिगारेटच्या पाकिटांवर १८००-११-२३५६ हा क्रमांक छापलेला असतो. तो सरकारी आहे, तिथे फोन करायला पैसे पडत नाहीत, आणि सोडण्याविषयी सल्ला मिळतो.

पायाची काळजी हीही सवयीचीच गोष्ट आहे. पाय गार पडला म्हणून शेकोटीशी धरू नये, गरम विटेने शेकू नये. रक्त कमी असलेल्या पायाला चटका लवकर बसतो आणि ती जखम भरत नाही. अनवाणी हिंडू नये. रोज संध्याकाळी बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. जखम नसेल आणि डॉक्टरांनी परवानगी दिली असेल, तर रोज चालावे. गोळा आला की थांबावे, ओसरला की पुन्हा चालावे. काही आठवड्यांत चालण्याचे अंतर वाढते, असा अनुभव आहे. आणि ज्याला चालताना पोटरीत गोळा येतो, त्याने तेल चोळत न बसता डॉक्टरांना पायाची नाडी दाखवावी. पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्यामागे ती हाताला लागते. डॉक्टर घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहतात. तो नऊ दशांशाहून कमी भरला तर रोहिणीत अडथळा असल्याची शंका घेतात. या तपासणीला चिरफाड लागत नाही.

शिक्षकांना एक विनंती आहे. रुग्णालयातून घरी सोडताना एक कागद देतात. त्यावर औषधांच्या नावांच्या गर्दीत तंबाखू बंद करण्याची सूचना असते, आणि ती बहुधा इंग्रजीत असते. गोळ्या कोणत्या वेळी घ्यायच्या हे विचारायला तो कागद गावातल्या गुरुजींकडेच येतो. त्या वेळी ती ओळ आधी वाचा, मराठीत वाचा, आणि घरातील सर्वांना बसवून वाचा. दुसरे असे की, मुलांना विडी आणायला दुकानात पाठवू नका, हे पालकसभेत सांगा. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकणे हा गुन्हा आहे. पण कायद्यापेक्षा वडिलांची ओशाळी नजर मुलाला अधिक शिकवते. फक्त मुलाला बापावर पहारेकरी म्हणून नेमू नका. त्याने बापाबरोबर संध्याकाळी चालायला जावे, एवढे पुरे.

जित्याची खोड जात नाही म्हणणाऱ्यांना आता एवढेच सांगतो. २००९-१० साली आपल्या देशातील शंभर प्रौढांत साडेचौतीस जण तंबाखूचे कोणत्या ना कोणत्या रूपात सेवन करीत होते. २०१६-१७ साली ते साडेअठ्ठावीसच्या आसपास आले. पुष्कळांनी मुळात खोड लावूनच घेतली नाही, आणि पुष्कळांनी ती जितेपणीच टाकली. तुमच्या गावातही अशी एक-दोन माणसे असतील. रुग्णालयातून परतलेल्या माणसाकडे भेटीला जाल, तेव्हा त्यांच्यापैकी एकाला बरोबर न्या. आणि तुमच्या खिशात बंडल असेल, तर त्या दिवशी ते घरी ठेवून जा.